मयताच्या आधी

(दिवेआगर येथे वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्याकडच्या कार्यक्रमांची एक रीत आहे. आभारप्रदर्शन शेवटी असतं. तोवर मागच्या रांगेतली माणसं चपला शोधायला लागलेली असतात, कुणाला शेवटची एसटी गाठायची असते, आणि ज्यांचे आभार मानायचे ती माणसं मंडपाच्या मागे भांडी आवरत असतात. त्यांच्या कानावर काहीच जात नाही. आज मी ती रीत मोडणार आहे. मी आभार मानायलाच उभी राहिले आहे, आणि तुम्ही सगळे जागेवर असतानाच ते मानणार आहे.

कुणाचे आभार? मरणाऱ्या माणसाजवळ जे बसतात त्यांचे. जे त्याची कूस बदलतात, तोंड पुसतात, घाण काढतात, रात्री दोन वाजता गोळी द्यायला उठतात, त्यांचे. या माणसांचे आभार कुणी मानत नाही. आपण काही कृतघ्न नाही. मग असं का होतं? मला वाटतं, कारण अगदी साधं आहे. ज्याची सेवा केली तो माणूसच उरत नाही. आणि त्याच्या घरचे त्या जागेकडे परत फिरकत नाहीत. बाळंतपण जिथे झालं त्या दवाखान्यात आपण पेढे घेऊन जातो. आपलं माणूस जिथे गेलं त्या दारावरून जाणारी बससुद्धा आपण टाळतो. मी टाळली आहे. तीन वर्षं मी वांद्र्याच्या त्या रस्त्याने गेले नाही. म्हणजे माझं आभाराचं देणं तेव्हापासून थकलेलं आहे.

माझा दादा याच गावचा. इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी त्याला पाहिलंय. आमची वाडी समुद्राच्या अंगाला. पोफळी, माड, मधूनमधून केळी, दोन जायफळं. दादा पोफळीवर चढला की दुपारपर्यंत खाली उतरायचा नाही. शेंड्याला झोका देऊन या झाडावरून त्या झाडावर जायचा. खाली उभं राहून बघताना आईच्या पोटात गोळा यायचा.

सुपारीने आमच्या घराला काय दिलं नाही? माझ्या डी.एड.ची फी बेड्यांच्या, म्हणजे सुपारीच्या, पैशातून गेली. आम्हा भावंडांच्या लग्नात फुटली ती सुपारी वाडीतली. पूजेला गणपती म्हणून मांडली तीही वाडीतली. आणि दादाच्या उजव्या गालफडात चाळीस वर्षं राहिली तीही वाडीतलीच, तंबाखू आणि चुन्याच्या सोबतीने. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगावर संशोधन करणाऱ्या संस्थेने 2004 साली सांगितलं की तंबाखू बाजूला ठेवली तरी नुसती सुपारीसुद्धा कर्करोग घडवते. ज्या गावाची चूल सुपारीवर पेटते त्या गावात हे वाक्य उच्चारताना मला जड जातंय. पण ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आहे त्या गुरुजींच्या नावाच्या व्यासपीठावर अवघड वाक्य गाळून बोलणं मला जमणार नाही. शाळेत असताना गुरुजींनी ते चालवून घेतलं नव्हतं.

2009 साली दादाच्या गालात चट्टा दिसला. मग मुंबईच्या फेऱ्या सुरू झाल्या. ऑपरेशन झालं, किरणांचे शेक झाले, दादरच्या गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत मुक्काम झाले. वर्षभर बरं गेलं आणि आजार परत उलटला. एका सकाळी एका इस्पितळातल्या तरुण डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, "आता करण्यासारखं काही राहिलेलं नाही. घरी न्या."

त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याच्या दाराशी त्या दिवशी निदान शंभर माणसं असतील. पण त्याची ती दोन वाक्यं मी गेली कित्येक वर्षं मनात घोळवते आहे. या सभागृहातल्या किती घरांनी ती ऐकली असतील! "घरी न्या" हे वाक्य पुष्कळदा बरोबर असतं. माणसाला आपल्या घरात, आपल्या खाटेवर जावंसं वाटतं. पण "करण्यासारखं काही राहिलेलं नाही" हे वाक्य चूक आहे. साफ चूक. बरं करण्यासारखं काही राहिलेलं नसतं. करण्यासारखं डोंगराएवढं असतं.

आम्हाला ते ठाऊक नव्हतं. आम्ही दादाला घरी आणलं आणि सहा आठवडे त्याचे हाल बघितले. गालाची जखम बाहेरून उघडली होती. दुखण्यावर ज्या गोळ्या होत्या त्या तासाभरातच उतरायच्या. रात्री तो पंचा दातात धरून बसायचा, कारण ओरडलं तर शेजाऱ्यांची झोपमोड होईल. आणि वास. ज्यांच्या घरात असं दुखणं झालंय त्यांना सांगायला नको. उदबत्त्या लावल्या, धूप घातला, कापूर ठेवला. वास काही हटेना. दादाची पाच वर्षांची नात रोज त्याच्या कुशीत झोपायची. ती एके दिवशी उंबऱ्यातच थांबली आणि तिने फ्रॉकचं टोक नाकाला लावलं. दादाने ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याने आपली खाट मागच्या पडवीत हलवायला लावली. आम्ही हलवली. आज सांगते, मला त्या गोष्टीची अजून लाज वाटते.

माणसं भेटायला यायची, पण दारातूनच. "कसं आहे?" म्हणायची, "देवाची इच्छा" म्हणायची आणि जायची.

मग मुंबईच्या एका भाच्याकडून कळलं की वांद्र्याला माउंट मेरीच्या टेकडीवर शांती अवेदना सदन नावाची जागा आहे. भाड्याची गाडी केली. माणगावमार्गे हायवेला लागलो. प्रत्येक खड्ड्याला दादा डोळे मिटून घ्यायचा.

जागेचं नाव नीट ऐका. अवेदना. जिथे वेदना नाही. टाटा रुग्णालयात कर्करोगाच्या शस्त्रक्रिया करणारे डॉ. लुईस डिसोझा यांनी 1986 साली ही जागा उभी केली. भारतातलं हे पहिलं हॉस्पिस, म्हणजे मरणाऱ्या माणसांच्या शुश्रूषेचं घर. हयातभर ज्यांनी सुरी चालवली त्या सर्जनला दिसत होतं की सुरीचं काम संपल्यावर माणूस रस्त्यावर येतो. त्या माणसासाठी त्यांनी घर बांधलं. पैसे घेत नाहीत, जात-धर्म विचारत नाहीत. पुढे गोव्यात लोटलीला आणि दिल्लीलाही त्यांच्या शाखा झाल्या.

तिथे पहिल्या संध्याकाळी काय झालं ते मला तुम्हाला जवळून दाखवायचंय. एका सिस्टरने खुर्ची ओढली आणि ती दादाच्या डोळ्यांच्या पातळीवर बसली. दादाला बोलता येत नव्हतं, तो पाटीवर लिहायचा. सिस्टरने विचारलं, सगळ्यात जास्त त्रास कशाचा? आम्हाला वाटलं तो लिहील, दुखण्याचा. त्याने पाटीवर लिहिलं, "वास."

सिस्टरने जखम मिठाच्या पाण्याने हलक्या हाताने धुतली. मग मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या खलात घालून त्यांची बारीक पूड केली आणि ती जखमेवर भुरभुरली. वर ओली पट्टी ठेवली, म्हणजे पुढच्या वेळी काढताना खेचणार नाही. रोज हे असंच. चौथ्या दिवशी वास गेला. कमी झाला असं मी म्हणत नाही, गेला. पुढच्या रविवारी वहिनी नातीला घेऊन आली. पोर दारात थांबली, तिने हवा हुंगली आणि धावत जाऊन त्याच्या खाटेवर चढली.

आता ऐका. मेट्रोनिडॅझोल म्हणजे काय? जुलाबावर देतात ती गोळी. काही रुपयांची गोळी. आमच्या घरात सहा आठवडे तो वास होता तेव्हा ती गोळी बोर्लीच्या औषधाच्या दुकानात होती. अगदी शेजारच्या गावात! औषध होतं, पैसे होते, सेवा करायला माणसं होती. डॉक्टरांना विचारायला हवं होतं की वासासाठी काही करता येईल का. पण "करण्यासारखं काही नाही" हे आम्ही एकदा मान्य केल्यावर आम्ही विचारायचंच थांबलो.

दुखण्यासाठी मॉर्फिन सुरू झालं. तोंडाने घ्यायचं, दर चार तासांनी, घड्याळाच्या काट्यावर. दुखायला लागल्यावर मागायचं आणि मग द्यायचं असं नाही, दुखणं परत येण्याच्या आत द्यायचं. त्यासोबत पोट साफ होण्याचं औषधही द्यायचं, कारण मॉर्फिनने कोठा धरतो. आम्ही घाबरून विचारलं, सवय लागेल का? सिस्टर म्हणाली, दुखण्यासाठी नीट मापात दिलेल्या औषधाचं व्यसन सहसा होत नाही. तिसऱ्या रात्री दादा सलग सहा तास झोपला. मी मात्र रात्रभर जागी राहून तो श्वास घेतोय ना ते बघत होते. दीड वर्षात तो असा झोपला नव्हता.

तेवीस दिवस तो तिथे होता. खिडकीतून समुद्राचा आवाज यायचा. आयुष्यभर हाच समुद्र त्याने इथून ऐकला होता. एका दुपारी त्याने पाटी मागून घेतली आणि लिहिलं, "भरती." मी उठून बघितलं, तर पाणी खरंच खडकांवर चढत होतं. पडल्यापडल्या नुसत्या आवाजावरून त्याने ओळखलं होतं.

शेवटच्या पहाटे त्याला घरघर लागली. मी गडबडले. सिस्टरने त्याला हळूच कुशीवर वळवलं आणि मला सांगितलं की हा आवाज आपल्याला छळतो, त्यांना नाही. मग म्हणाली, त्यांच्याशी बोला, ऐकू येत असेल. काय बोलायचं? मला काही सुचेना. मग मी त्याला वाडी सांगितली. विहिरीकडच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून एकेक झाड. कुठली पोफळ कधी लावली, कुठल्या माडावर वीज पडली, कुठला पाट फुटतो. पूर्वेच्या कुंपणापर्यंत पोचले तेव्हा तो गेलेला होता.

त्या सिस्टरचे आभार. त्या खलाचे आभार. ज्या वॉर्डबॉयने त्याची शेवटची अंघोळ आपल्या घरच्या माणसाची घालावी तशी घातली, त्याचे आभार. माझे हे शब्द त्यांच्यापर्यंत पोचतील न पोचतील. म्हणून ते तुमच्यासमोर ठेवले. तुम्ही साक्षीदार.

आता ही विद्या आली कुठून, ते थोडक्यात सांगते. लंडनमध्ये सिसिली साँडर्स नावाच्या एक बाई होत्या. आधी नर्स झाल्या, पाठीच्या दुखण्याने ते काम सुटलं तर रुग्णांच्या अडीअडचणी पाहणाऱ्या समाजसेविका झाल्या. त्या कामात त्यांना पोलंडहून आलेला एक ज्यू तरुण भेटला, डेव्हिड टास्मा. कर्करोगाने मरत होता, जवळ नात्याचं कुणी नव्हतं. दोघं बोलत राहिले, की अशा माणसांसाठी एक वेगळं घर हवं. 1948 साली तो गेला आणि जाताना त्याने त्या न बांधलेल्या घरासाठी 500 पौंड ठेवले. तुमच्या घराची मी एक खिडकी होईन अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणाला. पुढे साँडर्सबाई डॉक्टर झाल्या आणि 1967 साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उभं राहिलं. पहिल्या देणगीपासून एकोणीस वर्षं! घड्याळाच्या काट्यावर मॉर्फिन देण्याची शिस्त त्यांनीच रुजवली. दुखणं नुसतं शरीराचं नसतं, मुलीच्या लग्नाची काळजी, कर्जाची टोचणी, देवावरचा राग हेसुद्धा त्या दुखण्यातच धरायचं, हेही त्यांचंच शिकवणं.

आणि मॉर्फिन येतं कुठून? अफूपासून. अफू पिकते कुठे? आपल्याच देशात, नीमच-मंदसौरच्या शेतांत, सरकारी परवान्याने. सरकारचे अफूचे कारखाने नीमचला आणि गाझीपूरला आहेत. साऱ्या जगाला औषधासाठी अफू पुरवणारा हा देश, आणि त्याची माणसं पंचा दातात धरून मरत होती. 1985 चा अमली पदार्थविरोधी कायदा नशेचा बाजार रोखायला आला, पण एकाच बाटलीसाठी इतके परवाने लागायला लागले की दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. हे नियम सोपे व्हावेत म्हणून डॉक्टर झगडले, आणि 2014 साली संसदेने कायदा बदलून वाट सोपी केली. तरी आजही जगभरात दरवर्षी 5 कोटी 68 लाख माणसांना या शुश्रूषेची गरज असते आणि शंभरातल्या चौदाजणांनाच ती मिळते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आपण बहुतेक सगळे उरलेल्या शहाऐंशींतले.

दादा गेल्यावर तीन वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, मी मुंबईतच एका शुश्रूषागृहात दर गुरुवारी जायला लागले. सात वर्षं गेले. लोक विचारतात, तिथे तू काय करायचीस? खरं सांगायचं तर फारसं काही नाही. पहिल्या दिवशी आम्हाला सांगितलं गेलं की खाटेच्या पायथ्याशी उभं राहायचं नाही, बसायचं. घड्याळाकडे बघायचं नाही. बरे व्हाल, असं म्हणायचं नाही. मी शिक्षिका, मला बोलायची सवय. पहिल्याच गुरुवारी एका बाईंना मी म्हणून गेले, "काळजी करू नका." त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. दोन मुलं शाळेत जाणारी, नवरा हातावर पोट असलेला. त्यांनी काळजी करायची नाही तर करायची कुणी? पुढच्या गुरुवारी मी गेले तर त्यांची खाट रिकामी होती. माझी ती चूक दुरुस्त करायला मला संधी मिळाली नाही.

एक गृहस्थ होते, देशावरचे शेतकरी. नातेवाईक अधूनमधून यायचे. त्यांनी मला उशीखालून एक घडी केलेला कागद काढून दिला आणि म्हणाले, वाचा. सातबारा होता. मी वाचला. गट नंबर, क्षेत्र, आकार. ते म्हणाले, पुन्हा. पुढच्या गुरुवारी पुन्हा. तिसऱ्या वेळी माझ्या लक्षात आलं की ते इतर हक्कांच्या रकान्यापाशी दरवेळी श्वास धरतात. तिथे बहिणीचं नाव होतं. तिच्याशी बांधावरून एकोणीस वर्षं बोलणं नव्हतं. मी विचारलं, पत्र लिहू का? हो म्हणाले. चार ओळींचं पत्र लिहिलं, टाकलं. उत्तर आलं नाही. ती आलीही नाही. पण पत्र टाकल्यानंतर त्यांनी तो सातबारा परत वाचायला सांगितला नाही.

आणि खाण्याची गोष्ट तर आपल्या कोकणात बोललीच पाहिजे. आपण प्रेम करतो ते वाढून. माणूस जायला टेकला तरी "दोन घास खा, अंगात ताकद येईल" म्हणून आपण चमचा पुढे करतो. तो तोंड मिटतो, आपण रडतो, मग तो बिचारा आपल्यासाठी गिळतो आणि त्याला ठसका लागतो. शेवटच्या दिवसांत शरीर अन्न मागत नाही. माणूस उपाशी राहिला म्हणून जात नसतो, तो जायला निघालेला असतो म्हणून त्याची भूक जाते. हे कळलं असतं तर "माझी आई उपाशी गेली" हा सल घेऊन जगणाऱ्या किती मुलींची सुटका झाली असती! ओठ कोरडे पडतात, ते ओल्या कापसाने टिपायचे, तूप लावायचं. बघा, आपल्या आज्या काय करायच्या? तुळशीच्या पानावरून पाण्याचा एक थेंब. पेलाभर पाणी त्यांनी कधी ओतलं नाही. त्यांना ते ठाऊक होतं.

कुणी म्हणेल, हे हॉस्पिस वगैरे बाहेरचं, आपल्यात सेवा घरच्या घरीच होते. मला हे पटत नाही, आणि त्याचं कारण आपल्याच महाराष्ट्रात आहे. वरोऱ्यात पावसात गटाराच्या कडेला पडलेला कुष्ठरोगी तुळशीराम बाबा आमट्यांना दिसला तेव्हा ते आधी भिऊन पळाले. हे त्यांनी स्वतःच सांगितलंय. मग परत आले, त्याला भरवलं, त्याच्यावर आडोसा केला. तुळशीराम वाचला नाही. आनंदवन त्यातून उभं राहिलं, 1949 साली. सेवाग्रामला कुष्ठरोगाने पोखरलेले परचुरेशास्त्री आले तेव्हा गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळ झोपडी बांधून दिली आणि साऱ्या देशाचा कारभार डोक्यावर असताना रोज स्वतःच्या हाताने त्यांचं अंग चोळलं.

आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या नर्सेस! अरुणा शानभाग ही त्यांची सहकारी 27 नोव्हेंबर 1973 ला अत्याचाराची बळी झाली आणि 18 मे 2015 ला गेली. मधली जवळजवळ बेचाळीस वर्षं केईएमच्या परिचारिकांनी तिला सांभाळलं. ज्यांनी तिला चालताना-बोलताना कधीच पाहिलं नव्हतं अशा मुलींनी तिला भरवलं, पुसलं, वळवलं. तोवरच्या साऱ्या वर्षांत तिच्या पाठीला एकही जखम झाली नाही, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या निकालात घेतली. मंडळी, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पाठ पंधरा दिवसांत फुटते. इतकी वर्षं ती फुटू दिली नाही, म्हणजे दिवसातून किती वेळा कूस बदलली असेल? याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. मला तो मांडावासा वाटतो, आणि प्रत्येक वेळेसाठी एक नमस्कार घालावासा वाटतो.

त्याच खटल्यातून पुढचा प्रश्न देशापुढे आला. नळ्या किती दिवस चालवायच्या, हे ठरवायचं कुणी? 2018 साली न्यायालयाने सांगितलं की आपल्या शेवटच्या उपचारांबद्दल माणूस शुद्धीत असतानाच लिहून ठेवू शकतो. 2023 साली पद्धत सोपी झाली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. मी माझं लिहून ठेवलंय. आपल्याच जिल्ह्यात, पेण तालुक्यातल्या गागोद्याला जन्मलेल्या विनोबांनी 1982 च्या नोव्हेंबरात अन्न, पाणी, औषध थांबवलं आणि शांतपणे गेले. सगळ्यांना तसं जमणार नाही, जमावं असं मी म्हणतही नाही. पण बोलायला तर जमेल? जेवणं झाल्यावर, ओटीवर बसून, मुलांशी एकदा?

आता शेवटी आपल्या गावाबद्दल. आपल्याकडे मयत झालं की काय होतं? दहा मिनिटांत अंगण भरतं. कुणी बांबू तोडतो, कुणी मडकं आणतो, कुणी मुंबईला फोन लावतो. घरच्यांना चहासुद्धा करावा लागत नाही. बारा दिवस शेजारून डबे येतात. भांडणं विसरून माणूस खांदा द्यायला उभा राहतो. मुंबईत इतकी वर्षं काढून सांगते, ही फार मोठी गोष्ट आहे. पण त्याच घरात मयताच्या आधी तीन महिने एक माणूस पडून असतो आणि एकटी सून त्याचं करत असते, तेव्हा अंगण रिकामं असतं. तेव्हा आपण दारातून "कसं आहे?" विचारतो. का? वाईट म्हणून नाही. काय करायचं ते माहीत नसतं म्हणून. बांबू कसा बांधायचा ते आपल्याला येतं, कूस कशी वळवायची ते येत नाही.

निसर्ग वादळ आठवा. 3 जून 2020. एका दुपारी वाड्या आडव्या झाल्या. दुसऱ्या दिवशी कोयते घेऊन माणसं एकमेकांच्या वाडीत शिरली, तेव्हा कुणी कुणाला विचारलं का, की वाट आधी कुणाची मोकळी करायची? हात कुठे घालायचा ते ठाऊक होतं.

आजारी माणसाच्या घरी हात कुठे घालायचा, हे केरळातल्या माणसांनी शिकून घेतलं. 1993 साली कोझिकोडला डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सोबत्यांनी या शुश्रूषेचं काम सुरू केलं. मग ते शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हातात गेलं. रिक्षावाले, दुकानदार, कॉलेजची पोरं थोडं शिकून घेतात, आठवड्यातले दोन तास देतात, आजारी माणसाच्या घरी जातात. अवघड असेल तिथे नर्स आणि डॉक्टर येतात. 2008 साली त्या राज्याने त्याचं सरकारी धोरणच केलं. आपल्याकडेही पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र 1997 पासून विनामूल्य चालतं, आणि घरच्या माणसाला रुग्णासोबत राहायला देऊन सगळं शिकवतं. आपल्या उपकेंद्राला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. त्यांच्या ठरलेल्या बारा सेवांत म्हाताऱ्यांची आणि अशा रुग्णांची सेवा आहे. आपण जाऊन मागितली पाहिजे. आशाताईला विचारायचं, नर्सबाईला विचारायचं, पुन्हा पुन्हा विचारायचं.

मी गावी परत आले तेव्हा येताना एक हवेची गादी आणली. तिच्यात आळीपाळीने हवा भरते, म्हणून पाठीवर एकाच जागी भार राहत नाही. तिची छोटी मोटर रात्रभर बारीक घुमते. ही गादी आत्तापर्यंत चार घरांत गेली. प्रत्येक वेळी घरच्यांनी ती धुऊन, उन्हात वाळवून परत आणून दिली, आणि दोन घरांतल्या बायका आता माझ्याबरोबर पुढच्या घरी येतात. त्यांच्या घरी आम्ही गेलो होतो, म्हणून.

सध्या ती याच गावातल्या एका घरात आहे. घरच्यांना विचारूनच हे बोलते आहे. त्या घरची सून आज व्याख्यानाला आलेली नाही. रात्री आठला तिथल्या रुग्णाची कूस वळवायची असते आणि त्याला दोन माणसं लागतात. एक ती, एक मी. आत्ता साडेसात वाजून गेलेत. मी इथून सरळ तिकडे निघाले आहे. ज्यांना बघायचंय त्यांनी चला माझ्याबरोबर. हातपाय धुवायला पाणी अंगणातच भरून ठेवलेलं असतं.